हिरवं पाणी, लाल डोळा

त्याला एकच डोळा आहे. डोक्याच्या अगदी मधोमध, आणि लालचुटूक! सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात तो जीव एक झटका देऊन पुढे सरकतो, थांबतो, पुन्हा झटका देतो. त्याला जन्मून जेमतेम दिवस झाला असेल. लांबी म्हणाल तर मिलिमीटरचा दहावा भाग. पायांच्या तीन जोड्या, त्यांवर काचेच्या धाग्यांसारखे केस, पारदर्शक अंगातून दिसणारं हिरवं पोट. हिरवं कारण त्याने आत्ताच जेवण केलंय, आणि ते जेवण माझ्या गॅलरीत उगवलेलं आहे! हे सगळं मी गेले कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत सुटलेय. ऑफिसात सांगितलं, लिफ्टमध्ये सांगितलं, आता लिहून सांगतेय.

हा कोपेपॉडचा डिंभ. नॉप्लियस म्हणतात त्याला. घरात मरीन टँक असणारी मंडळी प्रेमाने नुसतं ‘पॉड्स’ म्हणतात. कोळंबी, खेकडे, शेवंड यांच्या गोतावळ्यातला हा अगदी धाकटा सदस्य; पूर्ण वाढला तरी बहुतेक जातींत एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. पण पसारा केवढा! आजवर सुमारे १३ हजार जातींची नोंद झालेली आहे. त्यातल्या बहुसंख्य समुद्रात. बाकीच्या नद्यांत, तळ्यांत, विहिरींत, झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात, ओल्या शेवाळात. नेपाळमधल्या ‘याला’ नावाच्या हिमनदीवर वितळलेल्या पाण्यात राहणारी एक जातसुद्धा आहे. जिथे पाणी थोडा वेळ टिकतं तिथे कोपेपॉड पोचतो. आणि आता तो ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, आमच्या माठाशेजारी, काचेच्या बरणीत नांदतो आहे.

याची सुरुवात एका माशाने केली. मँडरिन. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी आधी त्याचं चित्र शोधून पाहावं आणि मग पुढे वाचावं. बोटभर लांबीचा मासा; अंगावर निळ्या, नारिंगी आणि हिरव्या रेघांची अशी नक्षी की पैठणी विणणाऱ्यानेही हात जोडावेत. पश्चिम प्रशांत महासागरात, फिलिपाइन्स-इंडोनेशियाच्या प्रवाळखडकांत त्याचं घर. १९२७ साली शास्त्रात त्याची पहिली नोंद झाली. आणि त्याचा तो निळा रंग! प्राणिसृष्टीत निळा रंग दिसतो तो बहुतेक वेळा उजेडाच्या खेळामुळे; मोरपिसात काय, फुलपाखराच्या पंखात काय, निळं रंगद्रव्य नसतंच. मँडरिनच्या कातडीत मात्र खरोखरच्या निळ्या रंगद्रव्याच्या पेशी आहेत. १९९५ साली जपानी संशोधकांनी हे दाखवून दिलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ही गोष्ट इतकी दुर्मीळ की तो आणि त्याचा एक जवळचा भाऊबंद सोडले तर दुसरं उदाहरण मिळायला मारामार.

माशांच्या दुकानात तो माझ्यासमोर होता. मी मोहरून विचारलं, आणि दुकानदार काकांनी सरळ मान हलवली. “ताई, हा नका नेऊ. दाणे खात नाही. तुमच्या टँकमध्ये पॉड्स आहेत का?”

नव्हते. आणि का नव्हते याचं उत्तर मिळालं तेव्हा सगळं कोडं एकदम सुटलं. मँडरिन दिवसभर दगडांवरून सरकत सरकत एकेक बारीक जीव टिपत असतो. त्याची शिकार मुख्यतः कोपेपॉड. पोट लहान, भूक सतत. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे टाकले की झालं, असलं त्याचं गणित नाहीच. समोर हललं तर ते अन्न. पाण्यात पडून राहिलेलं दाणेदार खाद्य त्याच्या लेखी खडेच. टँकमध्ये मँडरिन दगावतो तो बहुतेक वेळा उपासमारीने. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, ते योग्यच आहे. त्यामुळे समुद्रातून जिवंत खडक उचलून आणायचा नाही, आणि म्हणून माझ्या चार फुटी टँकमधले दगड कोरडे, कृत्रिम. समुद्रातल्या जिवंत खडकाच्या भेगाभेगांत कोपेपॉडची वस्ती असते. कोरड्या दगडात कुठून असणार? म्हणजे मासा आणायच्या आधी त्याच्या ताटाची सोय करायला हवी, आणि ते ताट जिवंत हवं, रोज भरणारं हवं.

मग मी वाचायला लागले आणि वाचता वाचता मासा मागे पडला. कोपेपॉडच पुढे आले!

त्यांच्यात तीन मोठी घराणी आपल्या कामाची. पहिलं कॅलॅनॉइड. हे खुल्या पाण्यातले. लांबलचक स्पर्शिका दोन्ही बाजूंना पसरून तरंगत राहणारे. दुसरं सायक्लोपॉइड. अंग पुढे रुंद, मागे निमुळतं. काही पोहणारे, काही तळाशी रमणारे. तिसरं हार्पॅक्टिकॉइड. हे तळावर, काचेवर, दगडावर सरपटणारे, स्पर्शिका आखूड, स्वभाव चिवट. घरी सुरुवात करायची तर हार्पॅक्टिकॉइड किंवा सायक्लोपॉइड. कारण साधं आहे: ते दाटीवाटीने राहतात, पाणी थोडं इकडेतिकडे झालं तर सोसतात, आणि शेवाळापासून कुजक्या कणांपर्यंत बरंच काही खातात. हार्पॅक्टिकॉइडमधल्या टायग्रिओपस नावाच्या नारिंगी कोपेपॉडची तर कमालच. किनाऱ्यावरच्या खडकांत लाटांचे शिंतोडे उडून जी डबकी साचतात, त्यांत तो राहतो. उन्हाने डबकं तापतं, आटतं, पाणी मिठागरासारखं खारट होतं. पाऊस आला की तेच पाणी गोडसर होतं. हे सगळं तो पचवतो. आणि त्याचे नर! वयात न आलेल्या मादीला धरून ठेवतात आणि तिची शेवटची कात पडेपर्यंत, कधीकधी कित्येक दिवस, जोडीने पोहत राहतात. मादीचं मीलन आयुष्यात एकदाच होतं, तेवढ्या साठवणीवर ती अंड्यांच्या कितीतरी पिशव्या फलित करते.

माझ्याकडे आले ते टिस्बे आणि अपोसायक्लॉप्स, एका हौशी मत्स्यपालकाने दिलेले. अर्ध्या लिटरच्या बाटलीत फिकट पोपटी पाणी, बाकी काही दिसेना. मी दिवे घालवले आणि मोबाइलचा टॉर्च बाटलीला एका बाजूने टेकवला. आणि पाणी जागं झालं! पांढरट ठिपके, शेकडो ठिपके. काही काचेवर गोल गोल फिरतायत, काही मधल्या पाण्यात टुणकन उडी मारतायत, आणि पुष्कळसे उजेडाच्या दिशेने निघालेत. धूळ असती तर संथ खाली बसली असती. हे ठिपके उजेडाकडे चाललेले! मी किती वेळ तशी अंधारात बसून राहिले ते मला सांगता येणार नाही.

मग ड्रॉपरने एक थेंब काचपट्टीवर. शाळकरी मुलांचा असतो तसला साधा सूक्ष्मदर्शक, पण तेवढा पुरे. पहिली दिसली ती एक मादी. पोटाखाली अंड्यांची एकच पिशवी, म्हणजे टिस्बे. तिच्या शेजारी दुसरी, शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकेक अशा दोन पिशव्या, म्हणजे सायक्लोपॉइड घराण्यातली अपोसायक्लॉप्स. किती सोपी ओळख! पिशवीतली अंडी मोजता येत होती, आणि काही अंड्यांच्या आत लाल टिंब दिसत होतं. तो डोळा! अंडं फुटायच्या आधीच तयार झालेला. या डोळ्याला चित्र दिसत नाही, उजेड कुठून येतो एवढं कळतं. पण जन्मल्या क्षणी पाण्यात वर-खाली काय ते कळायला तेवढं बास आहे. पुढे नॉप्लियसच्या सहा अवस्था, मग कोपेपोडिडच्या पाच, आणि मग प्रौढ. म्हणजे अकरा वेळा कात टाकायची! मुंबई-ठाण्याच्या उबदार हवेत टिस्बे हा सगळा प्रवास दीड-दोन आठवड्यांत उरकतो. एकाच थेंबात मला आजी, आई आणि नुकती जन्मलेली नात दिसत होती.

आता त्यांच्या जेवणाचं. आणि इथे तर मी आणखीच गुंतत गेले, कारण कोपेपॉड पाळायचे म्हणजे आधी शेवाळ पाळायचं. सूक्ष्म शेवाळ, हौशी लोकांच्या भाषेत ‘फायटो’. नॅनोक्लोरॉप्सिस ही सगळ्यांत कणखर जात. पेशी दोन ते चार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-चौपट. टेट्रासेल्मिस त्याहून मोठं, शेपट्यांनी पोहणारं. आयसोक्रायसिस सोनेरी-तपकिरी, जरा नाजूक. कृती अशी: पूर्ण शुद्ध केलेल्या (आरओ-डीआय) पाण्यात सागरी मीठ मिसळायचं, ते उकळून निर्जंतुक करायचं, पूर्ण थंड करायचं. त्यात खत घालायचं. हे खतही शास्त्रीय इतिहासातलं आहे: रॉबर्ट गिलार्ड आणि जॉन रायथर यांनी १९६२ साली समुद्री शेवाळासाठी एक मिश्रण बेतलं, त्याचंच निम्म्या ताकदीचं रूप ‘एफ बाय टू’ या नावाने आज जगभर वापरतात. नायट्रेट, फॉस्फेट, लोह आणि इतर धातू चिमटीचिमटीने, शिवाय बी-१२, बी-१ आणि बायोटिन ही जीवनसत्त्वं. शेवाळालाही बी-१२ लागतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं! मग मूळ कल्चर ओतायचं, हवेची नळी सोडायची, एलईडीचा दिवा लावायचा. आठवडाभरात पाणी फिकट पोपटीवरून गडद हिरवं होतं. गडद झालं की अर्धं काढून वापरायचं, उरलेल्यात ताजं खारं पाणी आणि खत. विरजण राखून ठेवण्याचाच प्रकार.

काढलेलं फायटो फ्रिजमध्ये दोनेक आठवडे टिकतं, फक्त बाटली रोज हलवायची, नाहीतर पेशी तळाशी बसून मरतात. फ्रिजच्या दारात ताकाशेजारी ही हिरवी बाटली पाहून आईने विचारलं, “अगं, हा पुदिन्याचा रस कधी केलास?” तेव्हापासून तिच्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवलेली असते.

पॉड्सच्या बरणीचं वेळापत्रक मात्र अगदी सोपं, आणि मला ते फार आवडतं, कारण पाणी स्वतःच सांगतं काय हवंय ते. बरणी रुंद तोंडाची. हवा अगदी हळू, एअर स्टोन न लावता नुसती उघडी नळी, म्हणजे मोठे बुडबुडे सावकाश येतात. बारीक बुडबुडे अंगाला चिकटले की डिंभ पृष्ठभागावर अडकतात. फायटो इतकंच घालायचं की पाण्याला हलकी हिरवी झाक येईल. दोन-तीन दिवसांत पाणी स्वच्छ होतं. म्हणजे खाल्लं! मग पुन्हा झाक. जास्त घातलं तर न खाल्लेलं शेवाळ मरतं, कुजतं, अमोनिया वाढतो आणि सगळी वसाहत एका रात्रीत बसू शकते. पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. फायटोची आणि पॉड्सची उपकरणं वेगळी ठेवायची, कारण एखादा कोपेपॉड शेवाळाच्या बाटलीत शिरला तर तिथे त्याची मेजवानी आणि आपलं शेवाळ खलास. आणि एकाच बरणीवर कधीही विसंबायचं नाही. दोन तरी हव्यातच. उन्हाळ्यात बरण्या फरशीवर, माठाच्या सावलीला. तिथे दुपारीही गारवा असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? बाजारात आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची अंडी मिळतात, खाऱ्या पाण्यात टाकली की दीड दिवसात पिल्लं तयार. मीही हा प्रश्न विचारला, आणि उत्तर डीएचए या एका स्निग्धाम्लात निघालं. समुद्री माशांच्या पिल्लांच्या मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला डीएचए लागतंच, आणि बहुतेक समुद्री माशांना ते स्वतः पुरेसं बनवता येत नाही. ते अन्नातूनच यायला हवं. आर्टेमियात ते जवळपास नसतंच. वेगळं तेल पाजून भरावं लागतं. कोपेपॉडमध्ये ते अंगभूत असतं. आयसोक्रायसिससारख्या शेवाळातून ते येतं, आणि टिस्बे-टायग्रिओपससारखे काही हार्पॅक्टिकॉइड तर साध्या स्निग्धाम्लांपासून ते स्वतः घडवतात! शिवाय आकार. आर्टेमियाचं नवजात पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. बऱ्याच समुद्री माशांच्या पिल्लांचं तोंडच तेवढं उघडत नाही. आणि हालचाल! कोपेपॉडची ती थांबून-थांबून मारलेली उडी माशाच्या डोळ्याला खेचून घेते. काही कोपेपॉड संकटात एका सेकंदात स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट अंतर कापतील अशा वेगाने सुटतात. कॅलॅनॉइडमधल्या कित्येकांच्या मज्जातंतूंवर तर आपल्यासारखं मायलिनचं आवरण आहे, संदेश झटपट पोचावा म्हणून. मिलिमीटरभर देहात हे सगळं!

पहिली काढणी केली त्या दिवशी आई शेजारी उभी होती. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला तळाशी बोल्टिंगचं, म्हणजे बारीक जाळीचं, कापड चिकटवून मी दोन चाळण्या केल्यात. एक १२० मायक्रॉनची, तिच्यात मोठे अडकतात. दुसरी ५३ मायक्रॉनची, तिच्यात डिंभ. बरणीतलं पाणी हलक्या हाताने ओतलं आणि चाळणीवर उरला एक फिकट नारिंगी थर, मोहरीच्या दाण्याएवढा. तो स्वच्छ खाऱ्या पाण्यात सोडला की पुन्हा हजार उड्या! मी आईला भिंगातून दाखवलं, सायक्लोपॉइड घराण्याचं नाव सांगितलं. ती पटकन म्हणाली, “म्हणजे नारूवाला सायक्लॉप्सच की गं हा!”

आणि माझ्या अंगावर काटा आला. आईच्या लहानपणी तिच्या गावात पायऱ्यांची विहीर होती आणि नारू होता. पायातून हातभर लांब जंत निघायचा, काडीवर गुंडाळत गुंडाळत बाहेर काढायचा, माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळायचा. नारूच्या अळ्या विहिरीतल्या गोड्या पाण्यातल्या सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात. ते पाणी माणूस प्यायला की नारू त्याच्या शरीरात. ही साखळी तोडायला लस नव्हती, औषध नव्हतं. मग काय केलं? पाणी गाळलं! सुती फडक्याने, नायलॉनच्या गाळण्यांनी. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं रसायन टाकलं, गावोगाव सांगत फिरले. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एका कोपेपॉडपाशी साखळी तोडून! बांगलादेशातही असंच झालं. कॉलऱ्याचे जंतू कोपेपॉडच्या अंगाला चिकटून राहतात हे लक्षात आल्यावर रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या बायकांना जुन्या सुती साडीची घडी करून त्यातून पाणी गाळायला सांगितलं. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्या गावांत कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. वापरून वापरून विरलेल्या सुताचे धागे फुगतात, छिद्रं लहान होतात, आणि घडी घातली की साडी माझ्या विकतच्या कापडाहूनही बारीक चाळणी होते. मी आईला म्हटलं, नारू गोड्या पाण्यातल्या सायक्लॉप्सशी जोडलेला, हे खाऱ्या पाण्यातले त्यांचे भाऊबंद, यांच्यापासून भीती नाही. तिने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. “दिसतोय मात्र देखणा,” म्हणाली.

पॉड्स टँकमध्ये सोडायचे ते रात्री, दिवे मालवून, पंप थोडा वेळ बंद ठेवून. म्हणजे मासे झोपलेले असतात आणि हे दगडांच्या फटींत उतरून घर करतात. असं वारंवार केलं. टँकच्या मागच्या कप्प्यात, जिथे मासे पोचत नाहीत, तिथे गुंतवळीसारखं वाढणारं कीटोमॉर्फा शेवाळ लावलं. त्यात त्यांची पैदास निवांत चालते. काही आठवड्यांनी रात्री टॉर्च मारला तर समोरच्या काचेवर सगळीकडे पांढरे ठिपके फिरत होते. तेव्हा कुठे दुकानात गेले आणि मँडरिन घरी आणला.

आणि आता त्याचं जेवण बघणं हा माझा रोजचा नेम झालाय. तो पोहत नाही फारसा. पोटाखालचे रुंद पर टेकवत दगडावरून चालतो म्हटलं तरी चालेल. थांबतो. डोळे वेगवेगळे फिरवतो, एक वर, एक खाली. मग मान किंचित तिरपी, नजर एका जागी, तिथे मला काहीच दिसत नाही, पण त्याला दिसतंय! तोंड नळीसारखं क्षणात पुढे येतं, टक्, आणि परत आत. पुढचं पाऊल. पुन्हा तिरपी मान. मिनिटामागून मिनिटं हेच चालू. पोटाकडचा भाग भरलेला, गोल. ज्या माशाला दुकानदार काका “नका नेऊ” म्हणाले तो माझ्या डोळ्यांदेखत दिवसभर चरतो आहे. काकांना फोटो पाठवला तर त्यांनी लगेच विचारलं, “ताई, पॉड्स मला पण द्याल?”

शाळेत अन्नसाखळीचं चित्र असायचं. सूर्य, बाण, वनस्पती, बाण, छोटा प्राणी, बाण, मासा. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता ते बाण माझ्यासमोर चालतायत! एलईडीचा उजेड हिरव्या पेशीत, हिरवी पेशी त्या लाल डोळेवाल्याच्या पोटात, तो मँडरिनच्या पोटात, आणि मँडरिनची विष्ठा पुन्हा शेवाळाचं खत. एकही बाण काढला की पुढचं सगळं थांबतं. जगातले सगळे समुद्र याच बाणांवर चालतात. आपला बांगडाही प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर वाढतो आणि त्याच्या खाण्यात कोपेपॉडचा वाटा मोठा असतो. म्हणजे रविवारच्या तिखल्यातसुद्धा कोपेपॉड आहेच. उत्तर अटलांटिकमधले राइट व्हेल जातीचे महाकाय देवमासे कॅलॅनस नावाच्या, तांदळाच्या दाण्याहून लहान कोपेपॉडवर जगतात. रोज संध्याकाळी अब्जावधी कोपेपॉड खोल अंधारातून वर येतात, रात्रभर शेवाळ खातात आणि उजाडताना परत खाली जातात. पृथ्वीवरचं प्राण्यांचं सगळ्यांत मोठं दैनंदिन स्थलांतर यांच्यासारख्या प्लवकांचं आहे. त्यांची विष्ठा आणि मेलेली शरीरं तळाकडे बुडतात आणि हवेतून आलेला कार्बन सोबत नेतात. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत जहाजांनी जाळी ओढून प्लवकांचे नमुने गोळा केले, आणि ते निवडण्याचं प्रचंड काम कोचीच्या हिंद महासागर जीवशास्त्रीय केंद्रात झालं. नमुन्यागणिक बहुसंख्य कोण? कोपेपॉड!

पण माझी झोप उडवली ती आणखी एका गोष्टीने. २०१५ साली हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटने यलो टँग हा पिवळाधमक मासा अंड्यापासून वाढवून दाखवला. २०१६ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ब्लू टँग वाढवला, ‘फाइंडिंग डोरी’मधली डोरी. त्याआधी काचेमागे दिसणारे हे मासे समुद्रातूनच पकडून आणलेले असत. क्लाउनफिशची पिल्लं जन्मतःच दांडगी, रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खाऊन वाढतात, म्हणून ती केव्हाच साधली. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनेही ती वाढवली आहेत. टँगची पिल्लं मात्र इतकी चिमुकली की रोटिफरही त्यांच्या तोंडात मावेना. वर्षानुवर्षं अंडी मिळत, पिल्लं निघत आणि काही दिवसांत भुकेने मरत. कुलूप उघडलं ते पार्व्होकॅलॅनस नावाच्या कोपेपॉडने. त्याचा नॉप्लियस सुमारे ४० मायक्रॉन रुंद. तेवढा घास त्या पिल्लांच्या तोंडात मावला, आणि मासा जगला!

याचा अर्थ केवढा मोठा आहे बघा. प्रवाळखडकांवरून मासे उचलून आणणं थांबवायचं असेल तर ते जन्मापासून वाढवता आले पाहिजेत, आणि वाढवायचे तर त्यांचा पहिला घास जिवंत पाळता आला पाहिजे. प्रश्न माशाचा नाहीच, त्याच्या ताटातल्या जीवाचा आहे. ज्याच्या हातात कोपेपॉड, त्याच्या हातात पुढची पिढी. आणि त्याची पहिली पायरी दोन बरण्या, एक हवेचा पंप, एक दिवा आणि एक चाळणी यांवर कुणालाही चढता येते.

माझी पुढची पायरी ठरली आहे. आयसोक्रायसिसची सोनेरी बाटली दिव्याखाली लागलीय, आणि ती स्थिरावली की खुल्या पाण्यातले कॅलॅनॉइड आणायचे. ते अवघड. अंडी पिशवीत न सांभाळता पाण्यात सोडून देतात, दाटी सोसत नाहीत, खायला नाजूक शेवाळ मागतात. पण ४० मायक्रॉनचा तो घास तिथेच आहे! दुकानातली क्लाउनफिशची जोडी अंडी घालते आहे असं काका म्हणालेत. त्यांच्या पिल्लांवर माझे टिस्बेचे डिंभ लागू पडतात का हेही आम्ही दोघं मिळून बघणार आहोत.

आणि ज्यांच्याकडे खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यांनी आपल्या गावात कुणाकडे पॉड्स आहेत ते विचारावं आणि वाटीभर मागून आणावेत. कुणी नाही म्हणणार नाही, याचं पक्कं कारण आहे. कल्चर कधी ना कधी बसतं. उन्हाने, वीज गेल्याने, नाहीतर न कळणाऱ्या कारणाने. तेव्हा ते परत मिळतं ते आपण ज्याला दिलं होतं त्याच्याकडून. म्हणून हे पाळणारे सगळे वाटत सुटलेले असतात. माझ्याकडून आतापर्यंत काकांच्या दुकानात गेले, शेजारच्या इमारतीतल्या एका शाळकरी मुलाकडे त्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गेले, आणि रत्नागिरीच्या एका ओळखीच्या घरी एसटीने गेले. तुम्हीही रिकामी बाटली घेऊन या.